दर्याचा बहर दर वर्षी सारखा का नसतो?



नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, की किनारपट्टीच्या गटांच्या बैठकीत बचतीच्या आधी एकच विषय निघतो. यंदा तारली कशी आहे? बांगडा लागला का? एखाद्या वर्षी रापणीला इतकी मासळी लागते की पाट्या कमी पडतात, मीठ संपतं, भाव पार खाली येतो. आणि लगेच पुढच्या वर्षी तीच जाळी, तेच हात, तोच किनारा, पण टोपलीचा तळ झाकत नाही. मग कुणी म्हणतं देवाचं काहीतरी राहिलं, कुणी म्हणतं मोठ्या बोटींनी सगळं उपसून नेलं. आणि हप्ता थकलेल्या बाईकडे सगळ्या बघतात, जणू तिनेच काही चुकवलंय.

मोठ्या बोटींचा मुद्दा खराच आहे, त्यावर पुढे बोलू. पण त्याच्या आधी घडणारी एक गोष्ट आपल्याला किनाऱ्यावरून दिसत नाही. ती पाण्याच्या पोटात घडते. तिच्यावर तुमचा, माझा, तांडेलाचा कुणाचाच ताबा नाही. म्हणूनच ती समजून घ्यायला हवी. (वरच्या गावांतल्या भात-आंब्याच्या मैत्रिणींनी पान उलटू नये. तुमच्या पावसाळ्यातल्या सुकटीचा भावही इथेच ठरतो.)

समुद्रातलं गवत

जमिनीवर गाय गवत खाते, तसं समुद्रातही गवत आहे. ते डोळ्याला दिसत नाही, एवढाच फरक. मिठाच्या कणापेक्षा कितीतरी बारीक अशा वनस्पती पाण्यात तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. त्यातल्या काहींना काचेसारखं कवच असतं, त्यांचं नाव डायटम. ही झाडं इतकी बारीक, पण जगातल्या सगळ्या झाडापाल्याने मिळून जेवढं अन्न सूर्यप्रकाशापासून तयार होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं ही एकटी करतात. ही खाऊन बारीक किडेवजा प्राणी वाढतात, त्यांनाही प्लवकच म्हणायचं, प्राणी प्लवक. तारली आणि बांगडा हे दोन्ही खातात. तारली-बांगड्याला सुरमई खाते. आपला जवळासुद्धा प्रवाहाबरोबर वाहत जाणारा, या प्लवकांच्या गोतातलाच. म्हणजे जवळ्याची चटणी खाताना समुद्रातल्या गवतापासून आपण फार तर दोन पायऱ्या दूर असतो.

आंब्याला जसा मोहोर, तसा या प्लवकांना बहर येतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे एकेका दिवसात ते दुप्पट होऊ शकतात. आठ-दहा दिवसांत पाण्याचा रंग बदलतो. हा बहर आपल्या बाजूच्या अरबी समुद्रात वर्षातून दोनदा येतो. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला किनाऱ्यालगत, आणि हिवाळ्यात वर उत्तरेला, गुजरातच्या पलीकडच्या खोल समुद्रात. येतो दर वर्षी. पण किती येतो, कधी येतो आणि कुठल्या जातीचा येतो, हे दर वर्षी वेगळं.

पेज ढवळावी लागते

बहराला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. इथेच समुद्राची गंमत आहे. उजेड फक्त वरच्या थरात असतो. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तर तो थोड्याच हातांवर संपतो. आणि खत असतं खाली.

असं का? पेजेचं भांडं डोळ्यांसमोर आणा. चुलीवरून उतरवून ठेवलं की थोड्या वेळाने वर नुसती निवळ राहते आणि शितं तळाला बसतात. वरून वाटीने घेतलं तर पोट भरत नाही. पळी तळाला घालून ढवळलं की मगच पेज पेजेसारखी लागते. समुद्राचं तेच. वर जे जगतं ते मरतं, त्याची विष्ठा आणि कुजका अंश हळूहळू खाली जातो आणि तळाच्या गार पाण्यात खत होऊन साठतो. नायट्रेट, फॉस्फेट, आपण शेतात टाकतो तीच नावं. वरचं पाणी उन्हात छान तापलेलं, पण खताच्या नावाने निवळ.

तर मग समुद्र ढवळतं कोण? मुख्य काम वाऱ्याचं.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो हे आपल्याला माहीत आहे. पण किनाऱ्यालगत तो थोडा उत्तरेकडून दक्षिणेकडे घसरत वाहतो. आता एक करून बघा. समुद्रकिनारी दक्षिणेकडे, म्हणजे गोव्याकडे तोंड करून उभ्या राहा, पाठीवर वारा घ्या. पृथ्वी फिरते त्यामुळे आपल्या अर्ध्या गोलात वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ पुढे जात नाही, उजव्या हाताला वळतं. तुमचा उजवा हात कुठे आला? समुद्राकडे. म्हणजे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी हळूहळू आत, खोल समुद्राकडे सरकतं. त्याची जागा भरायला तळाचं पाणी वर येतं. हे पाणी वरच्यापेक्षा चार-सहा अंशांनी गार असतं, आणि येताना आपल्या पाटीत खत घेऊन येतं. ते उजेडात आलं की बहर सुरू.

याचा खरा जोर केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याला. गोव्यापर्यंत तो चांगला जाणवतो, सिंधुदुर्ग-रत्नागिरीला येईपर्यंत मंदावतो. म्हणून तारलीचं माहेर दक्षिणेत आणि आपल्याकडे ती पाहुणी. आणि दक्षिणेत वर्ष कसं गेलं याचा आपल्या टोपलीशी संबंध आहे तो असा.

मग एक वर्ष असं आणि एक तसं का?

पहिलं कारण वारा. मृगाचा पाऊस उशिरा आला, वारा धरला नाही, मध्येच पंधरा-पंधरा दिवस पडला, तर पळी नीट फिरत नाही. बहर कमी येतो किंवा उशिरा येतो. उशीर हा कमीपणाइतकाच वाईट. तारली पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालते. अंड्यातून आलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत आपल्या तोंडाने खाऊ लागतं, आणि तेव्हा भोवती बारीक चारा नसेल तर ते मरतं. बाळाला दूध आज हवं असताना गाय महिन्याने व्यायली तर काय उपयोग? तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं आणि जाळ्यात येणारी बहुतेक तारली पहिल्या एक-दीड वर्षातली. म्हणजे या पावसाळ्यात पिल्लं उपाशी गेली, तर त्याचा फटका आपल्याला पुढल्या हंगामातही बसतो. यंदा पाऊस छान झाला तरी तारली का नाही, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी मागल्या वर्षात असतं.

दुसरं कारण पाऊसच. हे ऐकायला उलटं वाटेल. कोकणात, गोव्यात जो मुसळधार पाऊस पडतो तो नद्या-खाड्यांतून समुद्रात जातो. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर रश्श्यावरच्या तवंगासारखं पसरतं. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 1997 पासून कांदोळीच्या समोर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी मोजतात. त्यांना दिसलं की पावसाळ्यात तिथे वर पाच-दहा मीटरचा गोडसर, कोमट थर असतो आणि त्याच्या खालीच गार, खताचं पाणी येऊन थांबलेलं असतं. ताट वाढलेलं आहे, पण वर झाकण आहे. नदीचं पाणीही थोडं खत आणतं, पण त्याच्या गढूळपणात उजेड शिरत नाही. हे झाकण कधी फुटतं, पाऊस कधी ओसरतो, यावर आपल्याकडचा बहर बराचसा ठरतो.

त्याच मोजमापात आणखी एक गोष्ट सापडली. खालून येणाऱ्या गार पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि वर बहर येऊन मेलेलं प्लवक खाली कुजायला लागलं की उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही वर्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या तळाला जवळजवळ श्वासच उरत नाही. मग तळातली मासळी तिथून सरकते. म्हणजे जे पाणी चारा आणतं तेच जरा जास्त झालं तर जीव घेतं. दर्याला 'जितकं जास्त तितकं चांगलं' हा हिशेब लागू नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लांबून येणारं. समुद्राच्या वर तापलेल्या पाण्याचा एक थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. साय पातळ असेल तर थोड्या वाऱ्यानेही खालचं पाणी वर येतं. साय जाड झाली तर वारा ढवळतो, पण सायच ढवळतो. खालचं खत खालीच राहतं. ही साय जाड-पातळ करणाऱ्या गोष्टी आपल्या किनाऱ्यावर घडतच नाहीत. श्रीलंकेच्या आसपास, बंगालच्या उपसागरात वारे बदलले की पाण्याच्या आत एक हेलकावा निघतो. डोळ्याला दिसणारी ही लाट नव्हे. तो किनारा धरून केरळ, कर्नाटक, गोवा करत थोड्याच आठवड्यांत आपल्यापर्यंत पोचतो आणि जाता जाता ती साय वर-खाली करतो. हिंदी महासागराचं पश्चिमेचं पाणी पूर्वेपेक्षा जास्त तापतं अशा वर्षी, उदाहरणार्थ 1997 साली, हा हेलकावा साय जाड करणारा असतो. त्या वर्षी प्राणवायू संपलेलं पाणी वर येत नाही, पण खतही कमी येतं.

आणि त्याहून लांब, एल निनो. हा शब्द आता बातम्यांत सारखा येतो, पण आहे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातल्या कोळ्यांचा. तिथे नाताळच्या सुमाराला कधी कधी समुद्र अवेळी तापायचा आणि मासळी नाहीशी व्हायची, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं. पेरूमध्ये अँचोव्ही नावाची, आपल्या तारलीसारखी प्लवक खाणारी मासळी 1970 साली एक कोटी वीस लाख टनांहून जास्त मिळाली. मग 1972 चा एल निनो आला. साय इतकी जाड झाली की वारा खालून जे पाणी उपसत होता ते गरम आणि रिकामं. 1973 मध्ये मासळी वीस लाख टनांच्या आत आली. त्याआधीची बेसुमार मासेमारीही त्याला कारण होती. पण समुद्राने हात आखडला आणि माणसाने आखडला नाही, म्हणून घाव इतका खोल गेला.

केरळात काय झालं

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर केरळची तारली घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे आहेत. 2012 मध्ये केरळात तारली जवळजवळ 4 लाख टन मिळाली. 2015 मध्ये मोठा एल निनो झाला, पाणी तापलं, आणि 2016 मध्ये ती 46 हजार टनांवर आली. 2017 मध्ये सव्वा लाखापर्यंत सावरली, लोकांना वाटलं संकट टळलं. पण मग ती उतरतच गेली आणि 2021 मध्ये फक्त 3,297 टन. चार लाखांवरून तीन हजारांवर, नऊ वर्षांत! किती पाट्या रिकाम्या राहिल्या असतील आणि किती घरांत चूल अडली असेल, ते आपल्याला सांगायला नको. आणि नंतर? 2024 मध्ये पुन्हा सुमारे दीड लाख टन. ती परत आली त्यामागे चांगला पाऊस, खालून वर आलेलं पाणी आणि त्यावर वाढलेला बारीक चारा होता असं संस्थेचं म्हणणं.

तारली आणि प्लवकाचा हा धागा काही आजचा शोध नाही. मलबारच्या किनाऱ्यावर 1923 सालीच हॉर्नेल आणि नायडू यांनी तारली आणि समुद्रातलं प्लवक यांचा अभ्यास छापला होता. 1955 मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी दाखवलं की एका ठराविक डायटमचा बहर आला की तारली भरपूर येते. आता तोच बहर आकाशातून बघतात. 1999 मध्ये भारताने ओशनसॅट नावाचा उपग्रह सोडला, तेव्हापासून पाण्याच्या हिरवेपणावरून प्लवक मोजता येतं.

हिवाळी बहराबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून कोरडा गार वारा येतो, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि बुडतं, खालचं वर येतं. पळी तीच, फक्त फिरवणारा हात वेगळा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे डायटमच्या जागी नॉक्टिल्युका नावाचा जीव वाढलाय. रात्री लाटा निळ्या चमकतात तो हाच. नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईत जुहूला लोक बघायला गेले होते. दिसायला सुंदर, पण तो मासळीच्या फारसा उपयोगाचा नाही. उलट डायटम तोच खाऊन टाकतो. एक सांगून ठेवते, खाडीचं पाणी लाल किंवा तपकिरी दिसत असेल तर त्या दिवसांत तिसऱ्या-कालवं काढू नका, विकू नका. काही जातींच्या बहरात विष असतं, ते शिंपल्यात साठतं आणि शिजवून जात नाही.

मोठ्या बोटी, आणि आपला हिशेब

समुद्रामुळे मासळी कमी झाली म्हणजे माणूस निर्दोष, असं मी म्हणत नाही. बहर कमी असलेल्या वर्षी जे थोडं पिल्लू वाचतं तेच जर बारीक जाळ्याने उचललं, तर पुढच्या चांगल्या वर्षी अंडी कोण घालणार? महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली ती याचसाठी. बाजारात बोटभर मासळी स्वस्त मिळाली म्हणून आपण घेतो, तेव्हा आपलाही त्यात हात असतो. दुसरं म्हणजे समुद्र एकंदरीत तापतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात हिंदी महासागराच्या पश्चिम भागात साठ वर्षांत प्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं. वरचं पाणी तापलं की साय जाड होते, हे आता तुम्हाला सांगायची गरज नाही.

राहिला आपला हिशेब. सुक्या मासळीच्या धंद्यासाठी कर्जाचे अर्ज चांगल्या हंगामानंतर वाढतात. ते स्वाभाविक आहे, हातात पैसा आलेला असतो, उमेद असते. पण एका भरल्या वर्षाची मासळी धरून तीन वर्षांचा हप्ता बांधणं धोक्याचं. कर्ज मागणाऱ्या ताईला गेल्या वर्षी किती पाट्या मिळाल्या हे विचारू नका, गेल्या पाच वर्षांत सगळ्यात वाईट वर्षी किती मिळाल्या ते विचारा. त्या वर्षात हप्ता निघत असेल तर कर्ज निघेल. हप्तेही बारा महिने सारखे कशाला? जून-जुलैच्या बंदीत फक्त व्याज आणि ऑक्टोबर ते जानेवारीत मोठा हप्ता, असं गट ठरवू शकतो. सुकवायचे पाट आणि जाळीचं छप्पर यासाठी कर्ज घेतलं तर ते जवळा, बोंबील, बांगडा कशालाही चालतं. फक्त तारलीवर उभा राहिलेला धंदा एका एल निनोत बसतो.

बातम्यांतून काय ऐकायचं? एप्रिल-मे मध्ये हवामान खातं पावसाचा अंदाज देतं, त्यात एल निनोचा उल्लेख असतो. तो आहे म्हणाले तर हंगाम बुडालाच असं नाही, पण त्या वर्षी नवीन मोठी उसनवारी जपून. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या तापमानावरून आणि हिरवेपणावरून मासळी कुठे मिळेल याची सूचना देते, मराठीतही मिळते, बंदीच्या काळात देत नाही. एक मात्र नीट समजून घ्या. ती सूचना आज-उद्या होडी कुठे न्यायची ते सांगते. वर्ष कसं जाईल ते नाही.

ते थोडंफार आपल्याच नोंदींतून कळू शकतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गटाने वहीत एक पान राखून ठेवावं. पहिली तारली कुठल्या तारखेला लागली, बांगडा कधी, पाटीचा भाव काय, पाऊस कधी ओसरला, पाणी गार लागलं का, रंग कसा होता. पाच ओळी पुरतात. लिहिता येत नसेल तिने सांगावं, दुसरीने लिहावं. जूनच्या बैठकीला, होड्या वर ओढलेल्या असतील तेव्हा, सगळ्या गटांची पानं आणा म्हणजे शेजारी शेजारी लावून बघता येतील.